वाचकांचे प्रश्न : गळकी टाकी आणि पाझरणारा रेडिएटर

जुन्या ट्रॅक्टरांच्या गळतीविषयी आलेल्या पत्रांपैकी काही पत्रांना या वेळी उत्तरे देत आहोत. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि प्रश्नांचा मजकूर आवश्यक तेवढाच ठेवला आहे.

प्रश्न : डिझेलच्या टाकीचा तळ रोज सकाळी ओला दिसतो. पुसून पाहिले तरी पत्र्याला छिद्र कुठेच आढळत नाही. टाकी बदलावी की दुरुस्त करावी?

उत्तर : यांपैकी काहीही ठरवण्याआधी डिझेल नेमके कुठून येते हे निश्चित करावे. डिझेल पत्र्यावर पसरत जाते आणि जिथून ते बाहेर पडते तिथे थेंब न धरता सर्वांत खालच्या कडेला जाऊन टपकते. त्यामुळे तळाशी दिसणारा ओलावा पुष्कळदा वरच्या झाकणाच्या रबरातून, पातळी दाखवणाऱ्या फ्लोटखालच्या गॅस्केटमधून किंवा इंजेक्टरकडून उरलेले डिझेल परत आणणाऱ्या नळीच्या जोडातून आलेला असतो, आणि दोष मात्र टाकीच्या पत्र्याला दिला जातो.

शोध घेण्याची साधी रीत अशी. टाकी बाहेरून साबणाच्या पाण्याने स्वच्छ धुऊन पूर्ण कोरडी करावी, खडूची भुकटी पाण्यात कालवून तिचा पातळ लेप सांध्यांवर, जोडांभोवती आणि तळावर द्यावा आणि तो वाळला की टाकी भरून रात्रभर तशीच ठेवावी. सकाळी पांढऱ्या लेपावर काळपट ओघळ उमटलेला दिसेल. त्या ओघळाचे वरचे टोक म्हणजे गळतीची जागा होय. पातळीवरूनही अंदाज येतो. भरलेली टाकी गळते आणि अर्धी झाल्यावर गळती थांबते, असे असेल तर दोष त्या उंचीच्या वर आहे, आणि तळाकडे पाहत बसण्यात अर्थ नाही.

गळती नळीच्या जोडाची निघाली, तर बहुतेक वेळा तांब्याचे वॉशर दबून कडक झालेले असतात. नवे वॉशर मिळाले तर उत्तमच. न मिळाल्यास जुने वॉशर ट्रॅक्टरपासून दूर नेऊन मंद लाल होईपर्यंत तापवावेत, थंड करावेत आणि वरची काजळी घासून काढावी. तापवल्याने तांबे पुन्हा मऊ होते आणि जोड धरते. नुसता पाना लावून आवळत राहिल्यास मात्र टाकीला डाख देऊन, म्हणजे सोल्डरने जोडून, बसवलेला पितळी बुशच पत्र्यातून सुटतो आणि लहान काम मोठे होते.

पत्रा खरोखरच गेला असेल तर तो सहसा दोन ठिकाणी गेलेला आढळतो. टाकी धरून ठेवणाऱ्या पट्ट्यांखाली नमदा किंवा रबर असते. ते पाणी धरून ठेवते आणि पत्रा बाहेरून गंजतो. तळाला मात्र गंज आतून लागतो. रिकाम्या जागेतल्या हवेतील बाष्पाचे थंडीत पाणी होते, ते पाणी डिझेलपेक्षा जड असल्याने खाली बसते, आणि डिझेल व पाणी यांच्या सीमेवर सूक्ष्म बुरशी व जिवाणू वाढून आम्ले तयार करतात. फिल्टरमध्ये काळपट, बुळबुळीत गाळ येत असेल तर हेच चालले आहे असे समजावे. तळावर बोथट पेचकसाचे टोक जागोजागी दाबून पाहावे. एकाच ठिकाणी पत्रा दबला तर ठिगळ पुरेल. हातभर पट्ट्यात तो जागोजागी दबत असेल, तर ठिगळाची कड ज्याला धरायची तो पत्राच उरलेला नाही. अशा वेळी संपूर्ण तळ नवा बसवणे किंवा टाकी बदलणे हाच मार्ग आहे.

प्रश्न : टाकी काढून रिकामी केली, पाण्याने धुतली आणि महिनाभर उन्हात उघडी ठेवली. आता तिला डिझेलचा वासही येत नाही. गॅस वेल्डिंगने ठिगळ लावण्यास हरकत नसावी ना? डिझेल तर पेट्रोलसारखे भडकतही नाही.

उत्तर : हरकत आहे, आणि ती गंभीर आहे. एवढ्या तयारीवर त्या टाकीला ज्योत लावू नये.

डिझेल भडकत नाही हा समज नेहमीच्या तापमानापुरता खरा आहे. पेट्रोलची वाफ शून्याखाली सुमारे ४० अंश सेल्सिअसलाही पेट घेण्याइतकी तयार होते, तर डिझेलला त्यासाठी साधारण ५० अंशांच्या पुढे तापावे लागते. वेल्डिंगच्या ज्योतीखालचा पत्रा मात्र काही क्षणांत त्याच्या कितीतरी पुढे जातो. टाकीच्या दुमडलेल्या सांध्यांत, आतल्या आडव्या पडद्यांच्या कडांत आणि गंजाच्या पापुद्र्यांखाली डिझेल मुरलेले असते, आणि ते महिनाभर उन्हात ठेवूनही निघत नाही. थंड असताना त्याला वास येत नाही, कारण त्याची वाफ होत नाही. ज्योत लागली की ती होते. हवेत घनफळाने एक टक्क्याहूनही कमी डिझेलवाफ असली तरी ते मिश्रण पेट घेऊ शकते. भरलेल्या टाकीत वाफेला मिसळायला हवाच नसते, तर रिकाम्या टाकीत ती भरपूर असते. म्हणून रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा अधिक धोक्याची असते. बंदिस्त जागेतली ही आग नसून स्फोट असतो, आणि दुरुस्ती करणाऱ्याचा चेहरा त्या वेळी टाकीपासून वीतभर अंतरावर असतो.

दुसऱ्या एका पत्रात चालू इंजिनाचा धूर नळीने टाकीत सोडून वेल्डिंग करण्याची युक्ती विचारली आहे. ती सांगणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घेतलेली नाही. डिझेल इंजिन मंद गतीने चालत असताना आत घेतलेल्या हवेतला बराचसा प्राणवायू न जळताच धुरातून बाहेर पडतो. अशा धुराने टाकी निष्क्रिय वायूने भरल्याचा केवळ भास होतो.

योग्य रीत वेगळी आहे. प्रथम टाकीतील फ्लोट, नळ, जाळी आणि झाकण काढून सर्व तोंडे उघडी करतात. नंतर गरम पाणी व तेल काढणारा क्षार किंवा कॉस्टिक सोडा यांच्या द्रावणाने ती आतून धुतात आणि त्यानंतर वाफ सोडतात. संपूर्ण पत्रा हाताला सोसवणार नाही इतका तापून खालून निघणाऱ्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसेनासा होईपर्यंत वाफ चालू ठेवावी लागते. टाकी किंवा तिचा एखादा भाग अॅल्युमिनियमचा असेल तर कॉस्टिक सोडा वापरायचा नसतो, कारण तो धातू खातो आणि त्या क्रियेत हायड्रोजन निघतो. त्यानंतर दुरुस्तीची जागा वर येईल अशी टाकी ठेवून त्या जागेच्या जेमतेम खालपर्यंत पाणी भरतात, उरलेल्या पोकळीत नायट्रोजन किंवा अरगॉन हळूहळू सोडत राहतात आणि दाब साचू नये म्हणून एक तोंड उघडे ठेवतात. वायुमापकाने आतली हवा तपासल्याशिवाय चांगला कारागीर ज्योत पेटवत नाही. या कामासाठी आग विझवण्याच्या नळकांड्यातला कार्बन डायऑक्साइड टाकीत मारू नये. तो जोराने बाहेर पडताना स्थिर विद्युत निर्माण होते आणि तिची ठिणगीच घात करू शकते.

हे सर्व वाचून काम किचकट वाटले असेल, तर ते तसे आहेच. आमचे स्पष्ट मत असे की ज्याच्याकडे वाफेची सोय, वायुमापक आणि टाक्यांच्या कामाचा रोजचा सराव आहे अशाच कार्यशाळेत वेल्डिंग करून घ्यावे, आणि आधी टाकीत काय होते हे त्यांना न लपवता सांगावे. पूर्वी केव्हातरी तिच्यात पेट्रोल किंवा रॉकेल भरले गेले असेल तर तेही सांगावे.

वेल्डिंगऐवजी सोल्डरने डाख देणे सुरक्षित आहे, असे काही वाचक लिहितात. पत्र्यावरचा ताण कमी राहतो हे खरे आहे. परंतु शिसे आणि कथील यांचा डाख १८३ अंशांपासून मऊ होऊ लागतो आणि नीट वाहण्यासाठी त्याला दोनशे-अडीचशे अंश लागतात, तर डिझेलची वाफ ठिणगी नसतानाही अडीचशे अंशांच्या आसपास स्वतःहून पेटू शकते. म्हणून डाख देण्यापूर्वीची सफाई वेल्डिंगइतकीच काटेकोर हवी. उघड्या ज्योतीऐवजी दूर तापवून आणलेले जड सोल्डरिंग आयर्न वापरणे हा त्यातला शहाणपणाचा भाग आहे.

सफाई झाल्यावर मात्र डाख हा जुन्या टाकीसाठी फार चांगला उपाय ठरतो. अनेक जुन्या टाक्यांच्या पत्र्याला गंज लागू नये म्हणून शिसे आणि कथील यांचा मुलामा दिलेला असतो. त्यावर डाख सहज धरतो, उलट वेल्डिंगमध्ये तो मुलामा जळून शिशाचा विषारी धूर होतो. सुईच्या टोकाएवढे छिद्र नुसत्या डाखाने बुजते. त्याहून मोठ्या छिद्रावर किंवा चिरेवर डाख थापून उपयोग नाही, कारण डाखाला स्वतःची ताकद फार थोडी असते आणि ट्रॅक्टरच्या हादऱ्यांनी तो तडकतो. चिरेच्या दोन्ही टोकांना बारीक भोक पाडून ती पुढे सरकणे थांबवावे, छिद्राच्या सर्व बाजूंनी दीड-दोन सेंटिमीटर पुरेल असे पत्र्याचे ठिगळ कापावे, ठिगळाच्या आतल्या आणि टाकीच्या बाहेरच्या पृष्ठभागावर आधी वेगवेगळा डाख चढवावा आणि मग दोन्ही एकमेकांवर दाबून तापवावेत. डाख नीट धरावा म्हणून जस्त विरघळवलेल्या आम्लाचा फ्लक्स लावला असेल तर काम संपल्यावर तो सोड्याच्या पाण्याने पूर्णपणे धुऊन टाकावा, कारण मागे राहिलेला फ्लक्स नवा गंज लावतो. ठिगळासाठी जस्त चढवलेला पत्रा घेऊ नये. डिझेलमधील आम्ल घटकांशी जस्ताची क्रिया होऊन साबणासारखा पदार्थ बनतो आणि तो फिल्टर व इंजेक्टर यांत जाऊन बसतो.

तपासणीसाठी टाकीत कॉम्प्रेसरची हवा थेट सोडू नये. एक दशांश बार हा दाब नगण्य वाटतो, पण ३० बाय ४० सेंटिमीटरच्या एका सपाट बाजूवर त्याचा भार सुमारे १२० किलो होतो. तेवढ्या दाबावर साबणाचा फेस लावून सांधे पाहावेत आणि त्यापुढे जाऊ नये.

प्रश्न : इपॉक्सी पुट्टी आणि टाकीत ओतून फिरवायचा लेप यांपैकी चांगले काय?

उत्तर : दोन्हींची कामे वेगळी आहेत. पुट्टी बाहेरून लावतात. जागा माहीत असलेल्या एखाद्या पाझरावर ती उत्तम चालते, मात्र टाकी त्या जागेपर्यंत रिकामी हवी, रंग आणि गंज खरवडून पत्रा चकचकीत व खरखरीत केलेला हवा, त्यावरचे तेल विद्रावकाने पुसलेले हवे आणि पुट्टी इंधनाला टिकणारी असावी. ओल्या पत्र्यावर, गळती चालू असताना थापलेली पुट्टी दुसऱ्या दिवशी खपलीसारखी निघते आणि मग लोक पुट्टीला नावे ठेवतात. सांगितलेल्या वेळेपर्यंत, बहुधा पूर्ण एक दिवस, तिला घट्ट होऊ द्यावे. ठिणगी आणि उष्णता यांचा संबंध येत नसल्याने हातचे काम म्हणून आम्ही याच उपायाला प्रथम पसंती देतो.

आतून फिरवायचा लेप बारीक छिद्रे अनेक असली आणि पत्रा तरीही जीव धरून असला तर उपयोगी पडतो. त्याचे यश लेपापेक्षा आधीच्या सफाईवर अवलंबून असते. टाकीत मूठभर नट किंवा साखळीचा तुकडा टाकून ती हलवत सुटा गंज झाडावा, सायट्रिक किंवा फॉस्फोरिक आम्लाच्या सौम्य द्रावणाने उरलेला गंज काढावा, धुवावे आणि लगेच संपूर्ण वाळवावे. ओली टाकी काही तासांत पुन्हा लालसर होते. आत टाकलेले नट मोजून टाकावेत आणि मोजून काढावेत. लेप ओतल्यावर टाकी सर्व बाजूंनी सावकाश फिरवून जास्तीचा लेप काढून टाकावा, नाहीतर तो कोपऱ्यात साचतो, आतून ओला राहतो आणि पुढे त्याचे पापुद्रे सुटून इंधनाच्या नळीत येतात. पेट्रोलवर चालणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरसाठी लेप निवडताना तो इथेनॉलमिश्रित पेट्रोलला टिकतो का, हे डब्यावर वाचावे. जुन्या प्रकारचे काही लेप इथेनॉलने मऊ होऊन सुटतात.

प्रश्न : काम चालू असताना टाकीला बारीक छिद्र पडले तर तेवढ्यापुरते काय करावे?

उत्तर : इंजिन बंद करून थंड होऊ द्यावे, बॅटरीची अर्थिंगची तार आधी सोडावी आणि अंघोळीच्या किंवा कपड्याच्या साबणाची कोरडी वडी छिद्रावर घट्ट घासावी. साबण डिझेलमध्ये किंवा पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे छिद्र बुजते. पाऊस लागला की साबण वाहून जाईल, हे ध्यानात ठेवावे. गळती बॅटरीवर, डायनॅमोवर किंवा धुराच्या नळीवर पडत असेल तर मात्र साबणावर भरवसा न ठेवता टाकी रिकामी करूनच ट्रॅक्टर हलवावा.

प्रश्न : रेडिएटर थेंब थेंब गळतो. गळती बंद करणारी पूड टाकून भागेल का? काही जण अंड्याचा बलकही सुचवतात.

उत्तर : भागेल, पण कशाच्या बदल्यात हे पाहावे. अशा पुडीतले किंवा द्रवातले कण पाण्याबरोबर फिरतात, छिद्रापाशी अडकतात आणि तिथे घट्ट होतात. काही द्रवांत सोडियम सिलिकेट असते आणि ते उष्णतेने काचेसारखे कडक होते. अडचण अशी की छिद्र कोणते आणि क्षाराने आधीच अरुंद झालेली नळी कोणती, हे त्या कणांना कळत नाही. अनेक वर्षे कठीण पाणी भरलेल्या रेडिएटरच्या खालच्या भागातल्या नळ्या अर्ध्याअधिक बुजलेल्या असतात. पूड तिथे बसली की गळती थांबते आणि इंजिन तापू लागते. पाणी काढण्याचा खालचा नळही हमखास तुंबतो. हंगाम अर्ध्यावर आहे आणि रेडिएटर उतरवणे अशक्य आहे, अशा वेळी पूड वापरावी, प्रमाण डब्यावर असेल त्याहून जास्त घेऊ नये आणि हंगाम संपताच रेडिएटर उतरवून धुवावा. अंड्याचा बलक शिजून छिद्र धरतो हे खरे, परंतु तो पुढे कुजतो आणि आतल्या थराला चिकटलेला त्याचा पापुद्रा नंतर डाख देताना फार त्रास देतो.

प्रश्न : रेडिएटर गॅसच्या ज्योतीने झाळून घेतला. एक जागा बंद झाली की शेजारची गळू लागते. असे तीनदा झाले. कारागिराचे चुकते की रेडिएटरच गेला आहे?

उत्तर : लक्षणांवरून दोष ज्योतीचा दिसतो. जुन्या ट्रॅक्टरांचा रेडिएटर म्हणजे पितळी नळ्या, त्यांवर तांब्याच्या पातळ पट्ट्यांची जाळी आणि वर-खाली पितळी किंवा बिडाच्या पेट्या अशी रचना असते, आणि नळ्यांचे शेकडो जोड डाखानेच धरलेले असतात. मोठी ज्योत एका जोडावर धरली की शेजारचे चार जोड वितळण्याच्या बेतात येतात आणि थंड होताना भेगाळतात. म्हणून अशा ठिकाणी तापवलेले आयर्न किंवा अगदी बारीक, मऊ ज्योत वापरतात आणि शेजारच्या जोडांवर ओल्या कापडाच्या घड्या ठेवतात. डाखही विचारपूर्वक निवडावा. कारखान्यात अशा जोडांसाठी बहुधा शिसे जास्त असलेला, उशिरा वितळणारा डाख वापरलेला असतो. दुरुस्तीसाठी कथील ६० आणि शिसे ४० टक्के असलेला डाख घेतला तर तो १९० अंशांच्या आसपासच पूर्ण वितळतो आणि मूळ जोड जागचे हलत नाहीत. पितळेच्या सळईने झाळण्यासाठी ४५० अंशांहून अधिक तापमान लागते. ते काम जाळीजवळ कधीही करू नये.

डाख न धरण्याचे दुसरे कारण सफाईत असते. रेडिएटर पूर्ण रिकामा केलेला नसेल तर नळीत राहिलेले पाणी उष्णता खाऊन टाकते आणि धातू हवा तेवढा तापतच नाही. जोडांवर पांढरट-हिरवट फुलोरा दिसत असेल तर शीतकातली, म्हणजे कूलंटमधली, गंजरोधक द्रव्ये संपून डाखच आतून खाल्ला जातो आहे. तो फुलोरा धातू चमकेपर्यंत खरवडल्याशिवाय नवा डाख वरवर बसतो.

गळणारी नळी जाळीच्या मध्यभागी असेल तर तिथे आयर्न पोहोचत नाही. त्या जागेवरच्या थोड्या पट्ट्या कापून नळी तोडतात, तिची दोन्ही टोके चिमटून डाखाने बंद करतात आणि ती नळी कायमची बाद करतात. दोन-तीन नळ्यांपर्यंत याचा परिणाम जाणवत नाही. प्रत्येक हंगामात आणखी एक नळी बाद करावी लागत असेल, तर तो खर्च नव्या जाळीकडे वळवावा. दुरुस्तीनंतर सर्व तोंडे बंद करून रेडिएटर पाण्यात बुडवावा आणि झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकीच हवा भरून बुडबुडे पाहावेत.

हे सारे नीट करूनही वर्षभरात तोच कोपरा पुन्हा उघडला, तर डाखाऐवजी बाहेर पाहावे. रेडिएटरच्या पायाखालची रबरे दबून लोखंडावर लोखंड बसले असेल तर खडबडीत जमिनीवर चौकटीला बसणारा प्रत्येक पीळ थेट जोडांवर येतो. पाण्याच्या पंपाची बेअरिंग सैल असेल तर पंखा पुढे झुकून जाळीला घासतो. वरच्या आधाराची काठी कुणीतरी कधीतरी काढून टाकलेली असते, हेही पुष्कळदा आढळते. ट्रॅक्टरची विजेची अर्थिंग खराब असेल तर प्रवाह शीतकातून वाट काढतो आणि धातू पोखरतो. व्होल्टमीटरची एक तार रेडिएटरच्या तोंडातून पाण्यात, धातूला न लावता, आणि दुसरी बॅटरीच्या अर्थिंग केलेल्या टोकाला लावून, दिवे चालू असताना आणि स्टार्टर फिरवताना पाहावे. तीन दशांश व्होल्टपेक्षा जास्त दिसत असेल तर आधी अर्थिंगच्या तारा स्वच्छ करून घट्ट कराव्यात.

प्रश्न : आमच्या फार जुन्या ट्रॅक्टरला पाण्याचा पंपच नाही. पाणी उकळून कमी होते म्हणून दुसऱ्या ट्रॅक्टरचे स्प्रिंग असलेले दाबाचे झाकण बसवले, तर आता वरच्या पेटीचा सांधा गळू लागला आहे.

उत्तर : ते झाकण आजच काढावे. फोर्डसनचे १९१७ पासून निघालेले मॉडेल एफ आणि जॉन डीअरचे जुने दोन सिलिंडरांचे ए आणि बी हे ट्रॅक्टर याच जातीचे आहेत. त्यांत तापलेले पाणी हलके होऊन वर जाते, रेडिएटरमध्ये थंड होऊन खाली उतरते आणि पंपाविना फिरत राहते. ही रचना बाहेरच्या हवेइतक्याच दाबासाठी केलेली आहे. चौरस इंचाला ७ पौंडांचे, म्हणजे सुमारे अर्ध्या बारचे झाकण पाण्याचा उत्कलनबिंदू ११-१२ अंशांनी वाढवते हे खरे. परंतु तोच दाब ५० बाय २० सेंटिमीटरच्या पेटीच्या एका बाजूवर पाचशे किलोच्या जवळपास भार टाकतो, आणि दुमडून डाख दिलेला जुना सांधा त्यासाठी बनवलेला नसतो.

पाणी उकळण्याचे कारण वेगळे शोधावे. पंप नसलेल्या ट्रॅक्टरमध्ये पाण्याची पातळी वरच्या होज पाइपच्या तोंडाखाली गेली की फिरणे थांबते आणि इंजिनातले पाणी जागच्या जागी उकळते. म्हणजे थोडीशी गळतीही इथे पंप असलेल्या ट्रॅक्टरपेक्षा लवकर महागात पडते. नळ्यांतला क्षार, जाळीत अडकलेला भुसा, सैल झालेला पंख्याचा पट्टा हेही तपासावे. भुसा काढताना पाणी किंवा हवा इंजिनाच्या बाजूकडून बाहेर मारावी, कारण तो विरुद्ध दिशेने आत शिरलेला असतो, आणि जोर बेताचा ठेवावा, नाहीतर पट्ट्या वाकून जाळी कायमची बंद होते.

प्रश्न : रेडिएटर कुठूनही ओला नाही, तरी दर दोन दिवसांनी लिटरभर पाणी घालावे लागते.

उत्तर : आपण तोंडापर्यंत पाणी भरत असाल तर ते तापून फुगते आणि वरच्या नळीतून बाहेर पडते. पातळी तोंडाच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली ठेवून आठवडाभर पाहावे. पाण्याच्या पंपाखाली एक बारीक छिद्र असते. तिथे ओघळाचा डाग दिसला तर पंपाचे सील गेले आहे. ते छिद्र बुजवू नये, कारण पाणी बेअरिंगमध्ये शिरू नये यासाठीच ते ठेवलेले असते. होज पाइपच्या क्लिपा काही वेळा फक्त इंजिन थंड असताना पाझरतात, म्हणून सकाळी सुरू करण्याआधी पाहावे.

हे सर्व ठीक असेल तर पाणी इंजिनाच्या आत जात आहे. थंड इंजिन झाकण उघडे ठेवून सुरू करावे. सुरुवातीपासूनच सतत बुडबुडे येत राहिले तर हेड गॅस्केट फुटले असावे. गरम रेडिएटरचे झाकण या तपासणीसाठी किंवा अन्य कशासाठीही उघडू नये. ज्या इंजिनांत सिलिंडरच्या बाहेरून थेट पाणी खेळते, तिथे सिलिंडरच्या खालची रबरी कडी गेली की पाणी थेट ऑइलमध्ये उतरते. ट्रॅक्टर रात्रभर उभा ठेवून सकाळी ऑइल काढण्याचा बोल्ट अगदी सावकाश सैल करावा. पाणी ऑइलपेक्षा जड असल्याने तेच आधी थेंबाथेंबाने येईल. तसे आढळल्यास इंजिन सुरूही करू नये, कारण पाणी मिसळलेले ऑइल बेअरिंगांना वाचवत नाही.

प्रश्न : दुरुस्तीनंतर साधे पाणी भरावे की शीतक?

उत्तर : शीतक भरावे, आणि त्यात मिसळायला ऊर्ध्वपातित किंवा निदान मृदू पाणी घ्यावे. इथिलीन ग्लायकॉल आणि पाणी निम्मे-निम्मे घेतल्यास ते मिश्रण शून्याखाली सुमारे ३७ अंशांपर्यंत गोठत नाही, तर साधे पाणी गोठताना सुमारे ९ टक्के फुगते आणि इंजिनाचे बिडाचे अंग फोडते. थंडी नसलेल्या ठिकाणीही त्यातली गंजरोधक द्रव्ये डाखाचे रक्षण करतात. शीतक भरल्यावर पहिल्या आठवड्यात नव्या जागी पाझर दिसला तर घाबरू नये. क्षाराने बुजलेली जुनी छिद्रे उघडी पडली आहेत, एवढाच त्याचा अर्थ आहे. ग्लायकॉल चवीला गोड आणि विषारी आहे. काढलेले शीतक उघड्या भांड्यात ठेवू नये, जनावरे ते पितात.

प्रश्न : टाकीला आतून लेप देऊन बसवली. इंजिन सुरू होते, थोडा वेळ चांगले चालते आणि मग गुदमरून बंद पडते. पंधरा मिनिटे थांबले की पुन्हा सुरू होते. इंधनाच्या नळ्यांतली हवा दोनदा काढून झाली.

उत्तर : इंजिन बंद पडताच टाकीचे झाकण उघडून पाहावे. हवा आत शिरल्याचा सुस्कारा ऐकू आला आणि इंजिन लगेच सुरू झाले, तर झाकणातले किंवा टाकीच्या गळ्यातले हवेचे छिद्र लेपाने किंवा रंगाने बुजले आहे. डिझेल खाली जाते तशी हवा वरून आत यावी लागते. ती न आल्याने टाकीत निर्वात होतो आणि पंपाला डिझेल ओढता येत नाही. बारीक तारेने छिद्र मोकळे करावे. सुस्कारा आला नाही, तर टाकीच्या तळाचा नळ काढून त्याच्या तोंडाशी आणि आत उभ्या असलेल्या छोट्या नळीत लेपाचा थर साचला आहे का ते पाहावे, आणि पुढे नव्याने बसवताना नळीपासून इंजेक्टरपर्यंतची हवा क्रमाने पुन्हा काढावी.